मांडवाखालचा खांदा

मिरजेच्या एसटी स्टँडवर किंवा रेल्वे स्टेशनबाहेर थोडा वेळ उभं राहिलं तरी माणसांच्या काखेतली मोठाली पाकिटं नजरेत भरतात. एक्स-रेची, एमआरआयची, वर सेंटरचं नाव छापलेली. अथणी, चिकोडी, रायबाग, जत, कवठेमहांकाळ, कुठून कुठून माणसं येतात. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी इथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं, आणि त्यांच्या आजूबाजूला दवाखान्यांचं एक गावच वसलं. सतारींसाठी मिरज ओळखणारे पुण्या-मुंबईचे. आमच्या भागात ‘मिरजेला नेलं’ म्हटलं की ऐकणारा आधी ‘काय झालं?’ विचारतो.

मी विश्रामबागेत राहते, सांगली आणि मिरजेच्या मधे. त्यामुळे तासगावकडच्या आमच्या सगळ्या गोतावळ्याची दवाखान्याची वाट माझ्या घरावरून जाते. आदल्या रात्री मुक्काम, पहाटे नंबर लावायला मिरज, दुपारी परत आल्यावर पाकीट माझ्या खिडकीपाशी उघडायचं. फिल्म उजेडाला धरायची. “हितं बघ, गादी बाहेर आलीया.” कुणाला काही दिसत नसतं, पण मान सगळेच हलवतात. मग रिपोर्टचा कागद माझ्या हातात येतो, कारण मी शिकलेली. आणि मग ठरलेला प्रश्न: ऑपरेशन करून टाकावं, का व्यायाम करून बघावा?

मी डॉक्टर नाही. हायस्कूलला गणित शिकवून निवृत्त झाले. फायदा एवढाच की आकड्यांची भीती वाटत नाही आणि वेळ आहे. या दुखण्यांवर काय काय अभ्यास झालेत ते मी नातलगांच्या निमित्ताने वाचत गेले, आणि ज्यांनी विचारलं त्यांना, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न म्हणून, सांगत गेले.

पहिली पाळी दादाची. कंबर धरली, मग कळ डाव्या पायात घोट्यापर्यंत उतरायला लागली. आमच्याकडे कमरेवर पहिला उपाय म्हणजे गावातला चोळणारा. तो म्हणाला शिरेवर शिर चढलीय. झटका देऊन ‘बसवली’, त्यानंतर दादाला दोन दिवस अंथरुणातून उठता येईना. मग एमआरआय. रिपोर्टमध्ये एल-फोर, एल-फाय, एस-वन, बल्ज, डिजनरेशन असे शब्द. शेवटचा वाचून दादाचा चेहरा उतरला. मणका सडलाय, असंच त्याने मनाशी धरलं.

त्याला मी एक आकडेवारी दाखवली. २०१५ मध्ये कंबरेच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात तीन हजारांहून जास्त माणसं होती आणि त्यांच्यापैकी कुणाचीही कंबर दुखत नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्के माणसांच्या गादीत झीज, म्हणजे रिपोर्टमधलं ते डिजनरेशन, दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के. गादी बाहेर फुगल्याचं, म्हणजे बल्जचं, प्रमाण विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्के. दादा द्राक्षवाला, तो विचार करून म्हणाला, “म्हंजे वेलाच्या खोडाची साल सुटल्यागत. साल सुटली म्हणून कोण बाग उपटत न्हाई.” हे मला एका परिच्छेदात सांगायला जमलं नसतं.

पण दादाचं दुखणं नुसत्या फिल्मवरचं नव्हतं, पायातली कळ खरी होती. तिच्यासाठी नेदरलँड्समधला २००७ चा अभ्यास मला फार प्रामाणिक वाटतो. सायटिकाने, म्हणजे अशाच पायात उतरणाऱ्या कळेने, दीड ते तीन महिने बेजार झालेले २८३ रुग्ण घेतले. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन ठरवलं, अर्ध्यांना थांबवून ठेवलं: गोळ्या, हालचाल, गरज पडली तर फिजिओ, आणि तरीही सोसेना तर ऑपरेशन. वर्षाअखेर दोन्ही गटांतले जवळजवळ ९५ टक्के लोक ‘बरा झालो’ म्हणत होते. मग फरक कुठे? वेळेत. लवकर ऑपरेशनच्या गटाला बरं वाटायला साधारण चार आठवडे लागले, थांबलेल्यांना बारा. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलंच.

हे आकडे वाचून कुणी ‘बघा, ऑपरेशनची गरज नसते’ म्हणतो, कुणी ‘बघा, शेवटी करावंच लागतं’ म्हणतो. मला त्यात दिसतो तो सौदा: दोन महिने लवकर उठायचं असेल तर त्याची किंमत द्यायची का? ज्याची फळछाटणी तोंडावर आलीय, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे आणि घरात दुसरा कर्ता माणूस नाही, त्याला दोन महिने म्हणजे एक हंगाम. ज्याला थांबता येतं त्याला थांबणं परवडतं. दादाचा मुलगा हाताशी होता, म्हणून दादा थांबला. कळ हळूहळू वर सरकत गेली, आधी पोटरीपर्यंत, मग मांडीत, मग फक्त कमरेत. बाहेर आलेली गादी पुष्कळदा आपोआप आक्रसते, हे डॉक्टरांनी त्याला आधीच सांगितलं होतं. कमरेचा पट्टा मात्र त्याने अजून सोडलेला नाही, ट्रॅक्टरवर बसताना बांधतोच. बांधू दे.

इथं एक गोष्ट मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला, तर थांबायचं नाही, अपॉइंटमेंटही घ्यायची नाही, त्याच रात्री गाडी करून मोठा दवाखाना गाठायचा. तिथं तासांचा हिशेब असतो. पाऊल लुळं पडायला लागलं, किंवा दुखण्याबरोबर ताप, वजन घटणं, रात्री झोपू न देणारी कळ असलं काही असेल, तरी व्यायामाच्या भरवशावर बसायचं नाही. मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे. आणि अशा वेळी चोळणाऱ्याकडे तर मुळीच जायचं नाही.

गुडघ्यांची गोष्ट वेगळी, आणि तिचं नाव आत्या. आत्याचे गुडघे दहाएक वर्षं कुरकुरत होते. ‘वंगण संपलंय’ हे निदान तिला शेजारणीने, केमिस्टने आणि एसटीच्या कंडक्टरने मोफत दिलेलं. मधे कुणीतरी सुचवलं की दुर्बिणीतून गुडघा साफ करून घ्या. ऐकायला किती बरं वाटतं! पण २००२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला १८० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काहींचा झिजलेला गुडघा खरोखर साफ केला, काहींचा नुसता धुतला आणि काहींच्या नुसत्या कातडीला छेद देऊन टाके घातले. कुणाला काय केलं ते रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाठपुरावा केला, तिन्ही गटांच्या दुखण्यात आपसात फरक दिसला नाही. २०१३ मध्ये फिनलंडच्या डॉक्टरांनी गुडघ्यातल्या, वयाने फाटलेल्या गादीच्या ऑपरेशनवर तसाच प्रयोग केला, १४६ जणांवर. खोटं आणि खरं ऑपरेशन वर्षभराने सारखंच ठरलं. त्याच वर्षी अमेरिकेत गुडघ्यातली गादी अशीच फाटलेल्या ३५१ जणांची ऑपरेशन आणि फिजिओ अशी विभागणी झाली: सहा महिन्यांनी फरक नाही, पण फिजिओ गटातल्या ३० टक्के लोकांनी मधेच ऑपरेशन करून घेतलं. हे तीस टक्के मला नेहमी आठवतात. व्यायामाने सगळ्यांचं भागतं असं जो म्हणेल त्याच्यापुढे ते उभे राहतात.

आणि सांधा बदलण्याबाबत तर वाद घालण्यात अर्थ नाही. गुडघा पार गेला असेल तर तो बदलल्याने मिळणारा आराम व्यायामाने मिळत नाही. डेन्मार्कमध्ये २०१५ साली १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना व्यायाम, वजन कमी करणं, गोळ्या, बुटात घालायचे इनसोल असा तीन महिन्यांचा कार्यक्रम दिला, अर्ध्यांना त्याआधी गुडघाही बदलून दिला. वर्षाने गुडघा बदललेल्यांना दुखण्यात स्पष्ट जास्त आराम होता. त्यांच्यात गंभीर त्रासांच्या घटनाही जास्त झाल्या. ज्यांना फक्त हा कार्यक्रम दिला होता त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याने वर्षात गुडघा बदलून घेतला. बाकीच्यांना त्या वर्षात तरी गरज वाटली नाही.

आत्याने बदलून घेतला, आधी उजवा, मग डावा. कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर जीएसटी. त्याआधीच्या किमती ऐकून आत्या म्हणायची, “तेवढ्यात मी दोन म्हशी घेईन.” आज ती देवळापर्यंत चालत जाते. भजनाला मात्र खुर्चीवर बसावं लागतं, मांडी घालू नको असं डॉक्टरांनी बजावलंय. पंगतीत टेबलावर ताट आलं की तिला अजून संकोच होतो. तिच्या सुखदुःखाच्या हिशेबात ही खुर्ची फार मोठी आहे, आणि कुठल्याही अभ्यासात तिच्यासाठी रकाना नाही.

पण आत्याच्या ऑपरेशनच्या वेळी मला जे दिसलं ते वेगळंच होतं. दुसऱ्या दिवशी फिजिओ आला आणि त्याने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली. “दाबा. पाच मोजा. सोडा.” ती गुंडाळी माझ्या ओळखीची होती. हाच व्यायाम, हीच गुंडाळी, तिला कितीतरी आधी एका डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दिली होती. तो कागद पंचांगाखाली खिळ्याला अडकवला होता आणि त्याकडे घरातल्या कुणीही, आत्यानेसुद्धा, बघितलं नव्हतं. आता मात्र सून आकडे मोजत होती, नातू मोबाईलवर वेळ लावत होता, चुलते दारातून विचारत होते, “झालं का सकाळचं?” भेटायला येणारी माणसं सफरचंदं घेऊन येत होती. आत्या नको म्हणाली तर तिला दटावणारी पाच माणसं होती. गुडघा वाकला पाहिजे, हा सगळ्या घराचा कार्यक्रम झाला होता.

आधी हेच सगळं केलं असतं तर ऑपरेशन टळलं असतं, असं मी म्हणत नाही. तिचे गुडघे फारच गेले होते. पण तेव्हापासून मला वाटायला लागलं की ऑपरेशन का व्यायाम याचा निकाल दवाखान्यात थोडा लागतो आणि घरात बराचसा. ऑपरेशन झालेल्या माणसाला घर रजा देतं. व्यायाम करणाऱ्याला देत नाही. त्यातून व्यायाम करणारी बाई असेल तर तिने सतरंजी अंथरून आडवं पडून पाय वर-खाली करणं हे आमच्याकडे अजून थोडं हसण्यासारखंच असतं.

आणि मग वहिनीचा खांदा आला.

द्राक्षबागेचं काम ज्यांनी केलं नाही त्यांना सांगायला हवं. फळछाटणी झाली की मांडवाखालचं काम सुरू होतं ते महिनोन्‌महिने संपत नाही. वांझफूट काढा, काड्या तारेला बांधा, घडांची विरळणी करा, मग जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडच्या, द्रावणात एकेक घड बुडवा, म्हणजे डिपिंग. सगळं डोक्याच्या वर. हात वर, मान मागे, पाय ढेकळांत. तिथून घरी आल्यावर कणीक, धुणं, फळीवरचे डबे. वहिनीला आधी केसाचा अंबाडा घालता येईना, मग त्या कुशीवर झोपता येईना. रिपोर्टमध्ये खांद्याच्या स्नायूच्या दोरीला सूज, एक लहान चीर आणि वर थोडं वाढलेलं हाड. एक मत पडलं की दुर्बिणीतून ते हाड तासून जागा करू. दुसरं मत पडलं की आधी तीन महिने व्यायाम.

या ‘जागा करण्या’वरही चांगला अभ्यास आहे, इंग्लंडमधला, २०१८ चा. ३१३ रुग्ण, तीन गट: एकाचं हाड तासलं, दुसऱ्याच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बघितलं, तिसऱ्याला काहीच केलं नाही. तासलेले आणि नुसते बघितलेले सारखेच. काहीच न केलेल्यांपेक्षा दोघं किंचित बरे, पण तो फरक रोजच्या जगण्यात जाणवावा इतका नव्हता. पुढच्याच वर्षी तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अशा दुखण्यात ते ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली. पडून-झडून खांद्याची दोरी पूर्ण तुटली असेल तर गोष्ट निराळी, तिथं शिवायला उशीर करू नये. वहिनीची तुटलेली नव्हती.

मी हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात तिला समजावलं. तिने नीट ऐकून घेतलं, कारण तिला कळतं, माझ्यापेक्षा जास्तच. मग चहाचा कप डाव्या हाताने उचलत म्हणाली, “वन्सं, ऑपरेशन केलं तर हात गळ्यात राहील. तोवर कोण मांडवाखाली बोलवायचं न्हाई. व्यायामाला कोण सुट्टी देतंय?”

यावर माझ्याकडे आकडा नव्हता.

विचार करत गेले तसं दिसलं की तिचं म्हणणं नुसतं घरापुरतं नाही. आमच्या आरोग्यविम्यात दवाखान्यात दाखल झालं की बिल मिळतं; रोज जाऊन-येऊन घेतलेल्या फिजिओचं सहसा मिळत नाही. सरकारी योजनांची पॅकेजंही मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची. नोकरदाराला ऑपरेशनची रजा मिळते, व्यायामाची कुणी मागायलाही धजत नाही. तासगावच्या खेड्यातून सांगलीला फिजिओकडे यायचं म्हणजे एसटीत अर्धा दिवस, तिकीट, बुडालेली मजुरी. इतकं करून तिथं बरेचदा मशीनची चार पॅड चिकटवून पंधरा मिनिटं ‘लाईट’ लावतात, वर शेक देतात, आणि व्यायाम घरी करा म्हणून चिठ्ठी. लाईट लोकांना आवडतो. पडून राहायचं असतं, गुदगुल्या होतात, काहीतरी केल्यासारखं वाटतं. फायदा व्हायचा तो मुख्यतः त्या चिठ्ठीने, पण चिठ्ठी पंचांगाखाली जाते.

तालमीतल्या पोरांचं याच्या बरोबर उलट असतं. त्यांच्या आखाड्यात दुखापतीला मान आहे. गुडघ्याची दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटलेला एक पैलवान आमच्या भावकीत आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या २०१० च्या अभ्यासात, आधी व्यायाम देऊन थांबवलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना दोन वर्षांत दोरीचं ऑपरेशन लागलं नाही, हे मी त्याला सांगितलं. पण त्या अभ्यासात व्यावसायिक खेळाडू घेतलेच नव्हते, हेही सांगावं लागलं. ज्याला पुन्हा लाल मातीत गिरकी घ्यायची आहे त्याने सर्जनचं ऐकावं. त्याने ऐकलं, आणि त्यानंतरचे कितीतरी महिने तो जोर-बैठकांच्या शिस्तीने फिजिओचे व्यायाम करत राहिला, वस्तादांच्या नजरेखाली. वहिनीला वस्ताद कुठून आणायचा?

तो योगायोगाने भेटला. वस्ताद कसला, विशी-पंचविशीतली एक फिजिओ मुलगी. तिने वहिनीचा खांदा तपासायच्या आधी विचारलं, सकाळी किती वाजता उठता, पाणी कोण भरतं, बागेत किती तास हात वर असतो. आठ-दहा व्यायामांची जंत्री दिली नाही, तीनच दिले: भिंतीवर बोटं चढवत नेणं, कोपर अंगाशी धरून रबरी पट्टा बाहेर ओढणं, आणि खांद्याची पाती मागे आवळणं. मग तिने बाहेर बसलेल्या दादाला आत बोलावलं आणि त्याच्यासमोर लेटरहेडवर लिहिलं: ‘सहा आठवडे खांद्याच्या वर हात नेऊन कोणतंही काम करू नये. त्यानंतर रोज अर्ध्या तासापासून सुरुवात. व्यायाम सकाळ-संध्याकाळ.’ खाली सही, त्यावर शिक्का.

शिक्क्याची किमया मी नोकरीत खूप पाहिली आहे, पण इतकी नव्हे. दादाने तो कागद घडी न घालता फाईलमध्ये ठेवला. घरी आईला वाचून दाखवला. आईने सगळं ऐकलं, वहिनीच्या खांद्याकडे बघितलं आणि विचारलं, “टाकं कधी काढायचं?” टाके नाहीत म्हटल्यावर ती जरा गोंधळली, पण कागदावर शिक्का होता. वहिनीला भाकरी थापायला बसवायचं नाही असं आईने आपणहून जाहीर केलं, जे कागदात कुठेच नव्हतं.

वहिनी पूर्ण बरी झाली असं मी लिहिणार नाही. अंबाडा घालते, दोरीवर कपडे टाकते. त्या कुशीवर झोपलं की अजून मधेच जाग येते. व्यायाम चुकतात, लग्नसराईत तर आठवडाभर पट्टा खिडकीच्या गजाला तसाच लोंबत होता. फिजिओ म्हणाली, चालायचंच, तीन महिने सांगितले तरी धरून चाला सहा.

डिपिंगला मात्र तिच्या जागी एक बाई जास्तीची लावावी लागली. तिच्या रोजाचा हिशेब दादाने मला फोनवर ऐकवला, औषधाच्या खर्चापासून एसटीच्या तिकिटापर्यंत, ओळीने. मी ऐकून घेतलं. मग पलीकडे फोन वहिनीच्या हातात गेला.

“वन्सं, त्यांना सांगून ठेवा,” ती म्हणाली, “ती बाई पुढच्या सालीबी लागणार हाय. मी पॅकिंगला बसणार.”